रोजचं का नवं?

शिक्षकांच्या खोलीत कुणी नुसता कपाळाला हात लावला तरी सोनकांबळे बाईंची मान वर व्हायची. तपासत असलेली वही तशीच मांडीवर, लाल पेन हातात, आणि प्रश्न थेट तोंडावर.

"काय झालं?"

"काही नाही हो, जरा डोकं दुखतंय."

"रोजचं का नवं?"

हे त्या अशा आवाजात विचारायच्या की आपण काहीतरी चोरलंय आणि दारातच पकडले गेलोय, असं समोरच्याला वाटायचं. रोजचंच आहे म्हटलं की बाई निम्म्या शांत व्हायच्या. सकाळी जेवलात का, पाणी प्यालात का, झोप झाली का, चष्म्याचा नंबर कधी तपासला, एवढं विचारून पुन्हा वहीत डोकं घालायच्या. पण चुकून कुणी म्हणालं, की नाही, असं कधी दुखलं नव्हतं, तर त्या माणसाची सुटका नसे. एकदम उठलं का हळूहळू चढलं? उलटी झाली? उजेड सोसतो? ताप आहे? हनुवटी छातीला टेकते का, टेकवून दाखवा. कुठं आपटला होतात का? एकाचे दोन दिसतात? दोन्ही हात उचला. वर, अजून वर. बिचारा माणूस भर खोलीत हात वर करून उभा, आणि बाकीचे आम्ही तोंडाला पदर लावून हसणार. माघारी त्यांना आम्ही 'डोकेतपासनीस' म्हणायचो.

बामच्या बाटलीवर तर त्यांचा विशेष राग. आमच्या खिडकीत एक बाटली कायम असायची, ज्याला लागेल त्यानं बोट घालावं. एक दिवस बाईंनी ती उचलली आणि खिडकीबाहेर भिरकावून दिली.

"अहो बाई, माझी होती ती," चित्रकलेचे सर कळवळले.

"मग डोकं बी तुमचंच हाय ना? त्याचा इलाज करा. त्याला वास कशाला लावता?"

दुसऱ्या दिवशी नवी बाटली विकत आणून त्यांनीच सरांच्या टेबलावर आदळली. दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान त्यांना खपत नसे, पण राग तसाच. डोक्याला करकचून फडकं बांधलेली बाई रस्त्यात दिसली की त्या चालता चालता थांबायच्या. ओळख असो नसो, गाठ सोडायला लावायच्या. "बांधल्यानं डोकं गप बसत न्हाई, माणूस गप बसतं," असं त्यांचं म्हणणं.

पण मी हे लिहायला बसले ते त्यांच्या गमती सांगायला नाही. मला राग आलेला आहे. इतकी वर्षं झाली, तो गेलेला नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नाही. हसण्यासारखं तेवढं आधी सांगून टाकलं, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागे साहेब आले, साहेबांमागे कारकून, शिपाई, मास्तर. ज्याच्याकडे दोन खोल्या होत्या त्यानं मधे भिंती घालून चार केल्या. आमच्या गल्लीत त्याआधी 'कोणत्या लोकांपैकी' हे विचारल्याशिवाय कुणी खोली दाखवत नसे. आमच्या समोरच्या तात्यांनीही विचारलं. गावाकडे भरपूर जमीन, शहरात दोन मजली घर, असे हे तात्या. बाईंनी सरळ सांगितलं, "बौद्ध. हदगावकडची. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते." तात्यांनी जरा विचार केला, भाडं वाढवून सांगितलं आणि किल्ली दिली. मग गल्लीभर सांगत फिरले, की आम्ही काही तसलं मानत नाही. जिल्हा झाला नसता तर त्यांचं हे न मानणं कुणाला कधी कळलंच नसतं.

बाई उंचीनं लहान. केसांचा घट्ट अंबाडा, घड्याळ उजव्या मनगटावर, आणि उन्हाळा-पावसाळा हातात काळी छत्री. छत्री उन्हात उघडायची लाज बायांना का वाटते, हे त्यांना कधी कळलं नाही. बोलणं हदगावकडचं, 'करून राहिले, जाऊन राहिले' असं. आमचं लातूरचं 'करायलेय, जायलेय' ऐकून त्यांना हसू येई आणि त्यांचं ऐकून आम्हाला. एकट्याच होत्या. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "वेळ न्हाई भेटला." विचारणाराच ओशाळा व्हायचा.

आणि दुष्काळ होता. त्या सालांत आमच्याकडे दुष्काळ म्हणजे काही बातमी नव्हती, रोजचं जगणं होतं. गल्लीत टँकर आला की घागरींची रांग, रांगेत भांडणं, आणि भांडणात आई-बाप उद्धरणं. शाळेतही टँकरचंच पाणी. ते हौदात पडायचं आणि हौदाच्या झाकणाला कुलूप. किल्ली मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे. मुली सकाळी मैलभर चालत यायच्या, उन्हात प्रार्थनेला उभ्या राहायच्या आणि तिसऱ्या तासाला निम्म्या वर्गाचं डोकं दुखायचं. मोठ्या बाई म्हणायच्या, नाटकं करतात कार्ट्या.

एक दिवस सोनकांबळे बाईंनी सातवीचा वर्ग उचलला आणि हौदाभोवती नेऊन बसवला. फळा नाही, खडू नाही. विषय, माणसाला तहान का लागते. मोठ्या बाई कार्यालयातून धावत आल्या.

"हे काय चालवलंय?"

"प्रयोग. पाणी बगून तहान भागती का, ते तपासून राहिलो आम्ही. अजून तरी न्हाई भागली."

मुली खी खी करून हसल्या. मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला, त्या पुष्कळ बोलल्या, वरती लिहिते म्हणाल्या. बाई हौदाच्या काठावर बसून राहिल्या. शेवटी किल्ली आली. त्या दिवसापासून प्रार्थनेआधी प्रत्येक मुलीला पेलाभर पाणी मिळू लागलं आणि तिसऱ्या तासाची नाटकं बंद झाली. मोठ्या बाईंनी पुढे तपासणीच्या वेळी ही आपलीच योजना म्हणून साहेबांना सांगितली. आम्हाला चीड आली. बाईंनी ऐकलं आणि आपला डबा उघडला.

त्याच वर्गात रेखा नावाची मुलगी होती. तिचं डोकं मात्र पाणी पिऊनही दुखायचं, आणि फळ्यावर लिहिलं की जास्त दुखायचं. बाईंनी स्वतः नेऊन तिचे डोळे तपासले, चष्मा करवला. दुसऱ्या दिवशी तिचा बाप शाळेत.

"बाई, तुम्ही माझ्या पोरीचं वाटोळं करायलाव. चष्मेवालीला कोण करून घेतंय?"

"आन आंधळीला घेतात का?" बाई गरजल्या. "रोज संध्याकाळी डोकं धरून रडती ती. तुम्हाला ऐकू येत न्हाई? का पोरीचं डोकं म्हणून ऐकायचं न्हाई?"

बाप ऐकेना. तेव्हा बाईंनी मधला मार्ग काढला. चष्मा बाईंच्या कपाटात राहायचा. सकाळी रेखा येऊन घ्यायची, सुटल्यावर पुसून परत ठेवायची. दहावीपर्यंत हे चाललं. गल्लीला काही कळलं नाही, बापाची अब्रू राहिली आणि पोरगी गणितात पहिली आली. बाई त्याला विजय म्हणत नसत. "चोरून बगावं लागतंय पोरीला," एवढंच म्हणायच्या आणि तोंड वाकडं करायच्या.

आता विमलचं सांगते.

विमल तात्यांची मुलगी, मुखेडला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, सगळं नीट झालं, घरी आणली. तात्यांची बायको, आम्ही सगळ्या त्यांना काकू म्हणायचो, लेकीसाठी जिवाचं रान करत होत्या. शेपू काय, अळीव काय, डिंकाचे लाडू काय. काकू वाईट नव्हत्या. हेच तर मला अजून पचत नाही. वाईट असत्या तर मी कधीच त्यांच्या नावानं बोटं मोडून मोकळी झाले असते.

पाचवी पुजून झाली होती, बारसं व्हायचं होतं. सकाळी टँकरच्या रांगेत काकू म्हणाल्या, "विमलचं डोकं लई दुखायलंय ओ कालपासून. वारं शिरलं जणू. कानात बोळे घातलेत, फडकं आवळलंय, बाजेखाली शेगडी वाढवलीया."

बाईंची घागर टँकरच्या नळाखाली भरत होती. ती तशीच सोडून त्या वळल्या. "रोजचं का नवं?"

"बाळंतिणीच्या डोक्याला नवं काय आन जुनं काय?"

"पाणी किती देता तिला?"

काकूंनी अभिमानानं सांगितलं, "वाटीभर. ते बी आटवून, सकाळ-संध्याकाळ. मी काय अडाणी हाय का बाळंतिणीला पाणी पाजायला? पोट सुटतंय, दूध पातळ हुतंय, लेकराला सर्दी हुती."

आमच्याकडची ही रीत सगळ्यांना माहीत होती. मी तात्यांच्याच समाजातली, मलाही माझ्या आईनं असंच वाटीवर ठेवलं होतं. बाळंतिणीनं पाणी मागितलं की हसायचं आणि मान हलवायची. एरवी निभावूनही जातं. पण वर उन्हाळा आग ओकत होता, खाली निखारे, खिडकी गोधडीनं बुजवलेली, अंगातून घामाच्या धारा, आणि पोटात दोन वाट्या पाणी. शिवाय दुष्काळ. घरातल्या एका माणसाचं पाणी वाचतंय, याचं कुणाला मनातून वाईट वाटत नव्हतं. हे कुणी बोललं नाही, पण मी बोलते.

बाई काकूंच्या पाठोपाठ त्यांच्या दारापर्यंत गेल्या. काकू उंबऱ्यावर आडव्या आल्या.

"आत नका येऊ बाई. सोयेर हाय."

"मी न्हाई पाळत सोयेर."

"तुमी न्हाई पाळत, आमी पाळताव."

"मग बाजूची सून आत्ता आत जाऊन बाळ बगून आली, ती कशी?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं आणि ते सोयेरात नव्हतं. बाईंनी मग बाहेरूनच आवाज दिला, "विमल! उलटी झाली का गं तुला? डोळ्याला नीट दिसतं का?" आतून बारीकसं कण्हणं आलं. "आरडू नका, बाळ झोपलंय," म्हणत काकूंनी दार लोटलं. शाळेची वेळ झाली होती. आम्ही दोघी शाळेत गेलो. त्या दिवशी बाईंनी डबा उघडलाच नाही.

संध्याकाळी कळलं, गल्लीच्या तोंडाशी बसणारे डॉक्टर येऊन गेले. अशक्तपणा आहे म्हणाले, सुई दिली, गोळ्या दिल्या. डॉक्टर बघून गेले म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं बंद. एकीचं सोडून. बाई मला ओढत डॉक्टरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. बाकावर पेशंट बसलेले.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही तिला मान वाकवायला लावली का? डोळ्यांत बगितलं का? पाणी किती पिती ते विचारलं का?"

"तुम्ही कुठल्या डॉक्टर?"

"सातवीला विज्ञान शिकवते."

बाकावरची माणसं हसली. डॉक्टरही हसले. "बाई, बाळंतिणीचं डोकं दुखणारच. तुम्ही शाळेत डोकी सांभाळा, आम्ही इथं सांभाळतो." मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं आता या छत्रीनं हाणतात. पण त्या परत फिरल्या. रस्त्यात म्हणाल्या, "शिंदेबाई, तुम्ही आत जाऊ शकता. जा आन बगून या." मी गेले. काकूंनी मला खोलीच्या दारातून दाखवलं. विमल भिंतीकडे तोंड करून पडलेली. "झोपलीय, डोळा लागलाय," काकू म्हणाल्या. मी येऊन तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. दुपारी परतताना तात्यांच्या खिडकीखालून जातोय तोच आत भांडं पडल्याचा आवाज झाला आणि काकूंचा, "अगं धर की नीट! चमचा बी धरवत न्हाई का तुला?"

बाई थांबल्या. छत्री तशीच उघडी टाकून, पायात चपला तशाच, त्या ओसरी ओलांडून खोलीत गेल्या. त्यांच्या मागे मी.

ओव्याच्या धुरानं डोळे उघडेनात. विमल बाजेवर बसवलेली, डोक्याला जुन्या लुगड्याचा पट्टा आवळलेला, ओठ फुटून काळे पडलेले. दाराचा उजेड आला तसे तिनं डोळे गच्च मिटले. पुढ्यात खिमटी सांडलेली.

"विमल, दोन्ही हात वर कर बाळा."

डावा हात आला. उजवा तिथेच मांडीवर पडून राहिला. विमल त्याच्याकडे बघत राहिली, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

बाईंनी डोक्याचं फडकं सोडलं. खिडकीतली गोधडी ओढून काढली. शेगडी पायानं अंगणात ढकलली, निखारे पार तुळशीपर्यंत गेले. काकू ओरडत होत्या, चपला घालून आली, विटाळ केला, माझ्या बाळंतिणीला धक्का लावला. आणि तेवढ्यात विमलचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, डोळे फिरले, सबंध अंग ताठ होऊन थडथडू लागलं.

"बाहेरचं लागलं!" काकू किंचाळल्या. "अंगारा आणा कुणीतरी!"

तात्या आतल्या खोलीतून आले. बाई तिला कुशीवर वळवत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "तात्या, जीप आणा."

"थांबा जरा. डॉक्टरला बोलावू. मुखेडला तिच्या घरच्यांना खबर दिल्याबिगर असं कसं..."

तेव्हा बाई उभ्या राहिल्या. त्यांचा असा आवाज मी आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. "तात्या, ही पोर आज गेली तर मी तुमच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगन, की हिला तहानेनं मारलं. दुष्काळानं न्हाई. भरल्या घरात, माठ भरलेला असताना मारलं. जीप आणा!"

जीप आली.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, पाणी किती देत होता. काकूंनी सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, अंग कोरडं पडलंय, डोक्यातल्या शिरेत रक्त साकळलं असावं, बाळंतिणीत होतं असं. सलाईन लावून त्यानं अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथल्या बाकावर आम्ही तिघी बसलो. बाळ माझ्या मांडीवर. काकू ऊर बडवून रडत होत्या. "म्या काय वाईट केलं ओ? माझ्या आईनं माझं केलं तेच म्या हिचं केलं."

मला वाटलं, आता बाई झाडणार. झाडावं अशी माझी इच्छा होती. पण त्या काकूंच्या जवळ सरकल्या आणि हळू आवाजात बोलू लागल्या. इतकी वर्षं सोबत राहून मी हे पहिल्यांदा ऐकलं.

"माझी थोरली बहीण होती, शांता. बाळंत झाली तेव्हा मी बारा वर्षांची. आई रोजानं जायची. जाताना सांगून गेली, शांताला पाणी द्यायचं न्हाई, किती बी मागू दे. तिचं डोकं दुखून राहिलं होतं. म्हणायची, एक घोट दे गं. म्या माठ उचलून कणगीमागं लपवला. तिनं रडून मागितलं, मंग शिव्या देऊन मागितलं, मंग मागायचं बंद केलं. मला वाटलं, बरं झालं, समजलं तिला. आई घरी येईस्तोवर झटके आले होते, त्यातच गेली ती. सगळे म्हणले, वारं होतं. मी बी तेच म्हणले. पुढं नांदेडला कॉलेजात गेल्यावर एका डॉक्टरीणबाईला विचारलं, तवा कळलं." त्यांनी काकूंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "म्हणून सांगून राहिले काकू. तुमी एकट्या न्हाई. मी बी तेच केलं."

काकूंचं रडणं थांबलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि गुडघा बाजूला घेतला.

"तुमच्या लोकात झालं असंल तसं," त्या म्हणाल्या. "आमच्यात न्हाई हुत. आमच्यात रीत हाय ती."

मी बाळाला घेऊन ताडकन उठले. तोंडात काय काय आलं होतं. बाईंनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. "आत पोर पडलीय तिची," त्या म्हणाल्या. "आत्ता तिला काय ऐकू येतंय?"

बाईंना समजलं असेल. मला आजही समजत नाही.

विमल वाचली. बोलणं गेलं होतं ते हळूहळू, तुटक तुटक आलं. उजवा हात आला नाही. मुखेडची माणसं नारळ घेऊन बघायला आली, बघून गेली, ती पुन्हा आली नाहीत. पुढच्या वर्षी नवऱ्यानं दुसरी केली. विमल आणि तिची मुलगी माहेरीच राहिल्या. तात्यांनी कुलदैवताचा नवस फेडला, गल्लीला जेवण घातलं. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरांनी वेळेवर सुई दिली म्हणून पोर हाती लागली, असं पंगतीत बोललं गेलं. डॉक्टर पहिल्या पानावर बसले होते. बाईंना बोलावणंच नव्हतं.

बोलावणं आलं ते खोली सोडण्याचं. कुणा साहेबाला हवी आहे, असं कारण. खरं कारण गल्लीभर झालं होतं, चपला घालून बाळंतिणीच्या खोलीत शिरली. मी तात्यांशी भांडायला गेले. ते म्हणाले, "तुमच्या नात्यातली हाय का ती? तुमाला एवढा कळवळा कशाचा?" मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर त्या घरी हळदीकुंकवाला मी कधी गेले नाही. बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेल्या आणि दोन-तीन वर्षांत बदली मागून नांदेडकडे गेल्या. जाईपर्यंत शाळेत डोक्याला हात लावणाऱ्याची त्यांच्या तावडीतून सुटका नव्हती. हसणं मात्र आमचं बंद झालं होतं.

मधे पुष्कळ वर्षं गेली. मी रिटायर झाले. एका लग्नाहून परतताना नांदेडच्या एसटी स्टँडवर हदगावच्या गाडीपाशी काळी छत्री दिसली. केस पांढरे, अंबाडा तेवढाच घट्ट. मी धावत गेले. त्यांनी मला आधी खालून वर बघितलं आणि मग माझे दोन्ही हात धरले.

गाडी सुटायला अवकाश होता. मला सांगायचं होतंच. विमलच्या मुलीचं लग्न झालं होतं आणि ती बाळंतपणाला आजीकडे, त्याच घरात आली होती. काकू आता म्हाताऱ्या, कमरेत वाकलेल्या. पण नातीच्या उशाशी त्यांनी स्वतः माठ भरून ठेवलेला, खिडकी उघडी, शेगडी नाही. तासातासाला पेला भरून नातीच्या हातात देतात. आणि बघायला येणाऱ्या बायांना काय सांगतात?

"सांगा की," बाई म्हणाल्या.

"सांगतात, आमच्यात पहिल्यापासून रीतच हाय, बाळंतिणीला पाणी पाजायची!" माझा आवाज चढला. "पहिल्यापासून! ऐकलंत? तुमचं नावसुद्धा नाही. तुम्हाला घराबाहेर काढलं त्यांनी, आणि आता..."

बाई हसायला लागल्या. छत्रीवर हात टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांना इतकं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. "अहो शिंदेबाई, पडली ना रीत? मग पडू द्या की. माझं नाव घेऊन पडली असती तर दुसऱ्या दिवशी मोडली असती."

मला हसू आलं नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच माझा संताप दुप्पट झाला.

कंडक्टरनं घंटी दिली. बाई चढल्या, खिडकीशी जागा मिळाली. अजून हसतच होत्या. मग वाकून त्यांनी विचारलं, "आन विमलचा हात?"

"तसाच आहे," मी म्हणाले. "भाकरी डाव्या हातानं थापते."

हसू गेलं. माझ्याकडे नाही, समोरच्या बाकाकडे बघत त्या बसल्या. गाडी मागे सरकली, वळली, पुन्हा पुढे आली. खिडकी माझ्या समोरून जाताना त्या म्हणाल्या, "काकू दारात आडव्या आल्या त्या दिवशीच मी आत घुसायला पाहिजे होतं. मी शाळेत गेले."

गाडी फाटकातून बाहेर पडली.